गिअरबॉक्सचा टेंपरेचर गेज लावला, पण काटा खरं सांगतोय का?

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला बाहेरून टेंपरेचर सेन्सर बसवून घेतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. दिवसा काटा ऐंशी-नव्वदवर शांत. संध्याकाळी हेडलाइट लावले की तोच काटा सात-आठ अंश वर. एसीचा ब्लोअर वाढवला की अजून थोडा. लाइट बंद केले की क्षणात खाली. गॅरेजवाला सेन्सर बदलून देतो, गाडी दिवसाउजेडी फिरते तोवर सगळं ठीक वाटतं, आणि पहिल्याच संध्याकाळी परत तेच. मग 'गेजच डुप्लिकेट निघाला' म्हणून गेज बदलतात. तरी तेच.

पाच-सहा लिटर तेल एका क्षणात सात अंश तापत नाही आणि क्षणात निवतही नाही. बटण दाबल्याबरोबर जे हलतं ते व्होल्टेज असतं. एवढं पटलं असेल तर थेट खाली अर्थिंगवर जा. बाकीच्यांनी क्रमानं वाचा, कारण गेज खोटं बोलतोय की गिअरबॉक्स खरंच तापतोय, हे ठरवल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हा गेज आपल्याकडे इंदुरात लावावासा वाटतो, त्यात चूक काही नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर, आणि महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर सगळं खाली नर्मदेकाठी. जाताना उतार, येताना चढ. आणि येताना गाडीत पाच माणसं, मागे सामान, एसी फुल. धामणोदकडून मानपूरला चढा, मंडलेश्वरकडून जामगेटला चढा, नाहीतर बडवाहकडून भेरूघाटानं या, पुढे ट्रकची रांग ठरलेली. वीसच्या वेगानं रांगत चढताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग, लॉक होत नाही. इंजिनाकडचं पातं तेल फेकतं, गिअरकडचं पातं ते झेलतं, आणि दोघांच्या वेगात जितका फरक तितकी उष्णता थेट तेलात उतरते. मोकळ्या रस्त्यावर कन्व्हर्टर लॉक झाला की ही घसर जवळपास संपते. म्हणून बायपासवर ताशी ऐंशीनं जाणारी गाडी थंड असते आणि घाटात कासवगतीनं चढणारी तापते. बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर याबद्दल फक्त एक दिवा असतो, आणि तो पेटतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आधी हे बघा: तुमच्या गाडीला गेज लागतो का

एएमटी असेल तर नाही. तिथे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि कोरडा क्लच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्रणा आपोआप करते. तापतो तो क्लच, आणि तेलातला सेन्सर त्याबद्दल काहीच सांगणार नाही. कोरड्या क्लचच्या डीसीटीचंही (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) तसंच. हा सगळा खटाटोप टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी, आणि काही प्रमाणात सीव्हीटीसाठी (ठरलेले गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक).

दुसरं म्हणजे गिअरबॉक्सच्या आत कंपनीचा स्वतःचा सेन्सर बहुतेक वेळा असतोच. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचा कॉम्प्युटर वाचायची जागा) ब्लूटूथचं ईएलएम ३२७ अडॅप्टर लावून मोबाइलवर तो वाचता येतो का, ते आधी पाहा. इंजिन कूलंटचं तापमान सगळ्या गाड्यांत एकाच ठरलेल्या कोडवर मिळतं. गिअरबॉक्सच्या तेलाचं मात्र ज्या त्या कंपनीच्या खास कोडवर असतं. त्यामुळे अॅप 'मिळत नाही' म्हणालं तर लगेच निराश होऊ नका, तुमच्या मॉडेलचा कोड शोधून अॅपमध्ये हातानं भरावा लागतो. तो मिळाला तर सेन्सर, छिद्र, वायर, गळती यांतलं काहीच नको. मी तरी आधी हाच रस्ता सुचवतो. अॅपवर उणे ४० दिसलं, तर गिअरबॉक्स गोठलेला नाही. बहुतेक गाड्यांत या आकड्याला ४० वजा करून दाखवायची पद्धत आहे, तेव्हा मूळ आकडा शून्य आला की उणे ४० दिसतं. अर्थ एवढाच, की सर्किट तुटलंय किंवा कोड चुकलाय.

एक गोष्ट मात्र कधीही करू देऊ नका. काही मिस्त्री हुशारी करतात आणि कंपनीच्या सेन्सरच्या वायरीलाच टॅप मारून बाहेरचा गेज जोडतात. 'नया छेद क्यों करना भिया, वायर तो यहीं से मिल रही है.' ऐकायला छान. पण हा सेन्सर म्हणजे तापला की रोध कमी होणारा एक तुकडा, आणि कॉम्प्युटर त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजतो. त्याच तारेवर गेजनं आपलं व्होल्टेज सोडलं की दोघांचीही रीडिंग बिघडते. गेजची चुकली तर चुकली, पण कॉम्प्युटरचीही चुकते. व्होल्टेज वर गेलं की त्याला वाटतं तेल गार आहे. गार तेलात तो कन्व्हर्टर लॉक करत नाही आणि प्रेशरही वेगळं ठेवतो. परिणाम: तेल आणखी तापतं, गिअर उशिरा पडतात, झटके येतात. तापमान कळावं म्हणून लावलेल्या गेजनंच तापवायला सुरुवात केली, असा हा प्रकार. गेज लावल्यावर गिअर बदलण्याची तऱ्हा बदलली असेल, तर पहिला संशय यावर घ्या.

सेन्सर बसलाय कुठे, यावर आकड्याचा अर्थ ठरतो

दोन शेजारी एकमेकांचे आकडे ताडून पाहतात आणि एकाची झोप उडते. त्याच्या गाडीत सेन्सर खाली चेंबरला (गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) असतो, याच्या गाडीत तेल गार करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या पाइपला. चेंबरमधलं तेल म्हणजे सगळीकडून येऊन मिसळलेलं, म्हणून तिथला आकडा संथ आणि सर्वात भरवशाचा. कन्व्हर्टरमधून कूलरकडे निघालेलं तेल सर्वात गरम. घाटात तिथला आकडा चेंबरपेक्षा वीस-तीस अंशांनी सहज वर उडतो आणि गाडी मोकळी धावू लागली की तितक्याच झटपट खाली येतो. कूलरमधून परतणारं तेल सर्वात गार. परतीच्या पाइपला सेन्सर लावला तर गेज कायम गोड बातमी देणार, आणि कूलर किती चांगलं काम करतोय एवढंच सांगणार. एकच सेन्सर लावायचा असेल तर चेंबरला लावा, दुसरीकडे नको.

चेंबरला म्हणजे बहुतेक वेळा ड्रेन नटात. नटालाच मधोमध छिद्र आणि आटे पाडून त्यात सेन्सर. ही सोपी पद्धत आहे, फक्त सेन्सर आणि वायर खाली लोंबता कामा नये. इंदूरच्या कॉलन्यांतले घरगुती स्पीडब्रेकर कुणाच्या मापानं बांधलेले आहेत देव जाणे. खाली दोन इंच बाहेर आलेला सेन्सर त्यातल्या एखाद्यावर आपटणारच. तळाऐवजी चेंबरच्या बाजूच्या भिंतीला बॉस (आटे पाडलेला धातूचा जाड तुकडा) वेल्ड करून घेणं जास्त सुरक्षित. त्यासाठी मात्र चेंबर उतरवावं लागतं, आणि उतरवलंच आहे तर फिल्टर आणि गॅस्केट बदलूनच वर चढवा.

पाइपमध्ये टी (तीन तोंडांची फिटिंग) टाकून सेन्सर बसवला असेल आणि आकडा संशयास्पद कमी असेल, तर टीचं तोंड पाहा. सेन्सरचं टोक वाहत्या तेलात बुडलेलं हवं. लांब मान असलेल्या टीमध्ये ते साचलेल्या तेलात बसतं, आणि वाहतं तेल खालून निघून जातं.

चिकटवायचा किंवा क्लिपचा सेन्सर बाहेरून लावणारेही आहेत. छिद्र नाही, गळती नाही. पण बाहेरून वारा लागतो, म्हणून आकडा आतल्यापेक्षा कमी येतो. वर थर्मल पेस्ट आणि कापसाची किंवा फोमची गादी बांधली तर फरक कमी होतो. आणि ती पिस्तुलासारखी इन्फ्रारेड गन घेऊन चमकत्या अॅल्युमिनियमच्या चेंबरवर रोखू नका, ती बेधडक कमी आकडा दाखवते. चकचकीत धातू उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तो तापू द्या, आणि गन त्या टेपवर रोखा.

अर्थिंग: नव्वद टक्के भांडण इथलंच असं मला वाटतं

एका वायरीचा सेन्सर असेल तर त्याची दुसरी वायर म्हणजे गिअरबॉक्सचं शरीर. तिथून इंजिन, इंजिनातून केबल, केबलमधून बॅटरीचं मायनस. गेजची काळी वायर मात्र डॅशबोर्डमागे कुठल्यातरी स्क्रूला. दोघांनाही 'अर्थ' म्हणतात, पण दोन्ही अर्थ एकाच पातळीवर आहेत हे कुणी पाहिलेलं नसतं.

आकडे मांडून बघा म्हणजे लक्षात येईल. जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला एक सेन्सर आहे, त्याचा रोध ९० अंशांना २४१ ओहम आणि १०० अंशांना १७७ ओहम. गेज आतून पाच व्होल्ट देतोय आणि मध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर आहे असं धरा. मग तारेवर ९० अंशांना ०.९७ व्होल्ट येतात आणि १०० अंशांना ०.७५. दहा अंशांचा सगळा कारभार ०.२२ व्होल्टात. आता गेजचं अर्थ गिअरबॉक्सच्या अर्थपेक्षा ०.२ व्होल्टनं वर असेल, तर ९० चं तेल ९७ च्या आसपास दिसेल. नेहमी वरच, खाली नाही, कारण इंजिन चालू असताना सगळ्या दिव्यांचा, पंख्यांचा करंट बॉडीतून इंजिनावरच्या अल्टरनेटरकडे परततो, आणि वाटेत जिथे गंज असेल तिथे व्होल्टेज सांडतं. म्हणून लोड वाढला की काटा वर.

मोजायला मल्टिमीटर पुरतो. डीसी दोन व्होल्टच्या रेंजवर ठेवा. एक टोक गेजच्या काळ्या वायरीवर, दुसरं लांब वायर लावून थेट गिअरबॉक्सच्या कोऱ्या धातूवर. इंजिन सुरू. मग एकेक लोड चढवत जा.

लोकमान्यनगरातल्या एका काकांच्या गाडीवर हेच केलं. सुरुवातीला मीटरवर ०.०२. हेडलाइट लावले, ०.०८. ब्लोअर फुल, ०.१४. मागच्या काचेचा डीफॉगर, ०.२१, आणि काकांनी गेजकडे बोट दाखवलं: काटा नेमका त्याच क्षणी उचलला होता. मग अर्थ कोणत्या बाजूला सांडतंय ते शोधायला दोन मापं घेतली. बॅटरीच्या मायनसपासून गिअरबॉक्सपर्यंत ०.०१, म्हणजे ती बाजू चोख. बॅटरीच्या मायनसपासून डॅशबोर्डमागच्या स्क्रूपर्यंत ०.२०. सगळा दोष बॉडीच्या बाजूचा. बॅटरी ट्रे उचलला तर बॉडीला जाणाऱ्या केबलच्या थिंबलखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट-पांढरी पूड, बोल्ट हातानं फिरत होता. सँडपेपर मारला, थिंबल घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. डीफॉगरसकट ०.०२. सेन्सर आणि गेज दोन्ही जुनेच, नवीन काहीच लागलं नाही. आधी बदललेले सेन्सर काकांनी डब्यात जपून ठेवले होते. एकेक ओहममीटरवर लावून पाहिला, सगळे ठणठणीत.

माझा हिशेब असा: सगळे लोड चालू असताना ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर विसरून जा, त्याच्या वर असेल तर शोधा. कायमचा इलाज हवा असेल तर गेजची काळी वायर डॅशबोर्डमागे न देता वेगळी ओढून सेन्सरशेजारच्या गिअरबॉक्सच्या बोल्टला द्या. गेजचा करंट नगण्य असतो, त्यामुळे त्या वायरीत काही सांडणार नाही. गेजच्या पाटीचा दिवा मात्र त्या वायरीवर घेऊ नका, त्याचं अर्थ वेगळं. अजून चांगलं म्हणजे दोन वायरींचा सेन्सर घेणं, जो अर्थसाठी धातूवर अवलंबूनच नसतो.

याच माळेतला दुसरा मणी टेफ्लॉन टेप. गळू नये म्हणून मिस्त्री सेन्सरला टेपचे चांगले सहा-सात वेढे देतो. टेप वीज वाहून नेत नाही. आवळताना आटे टेप कापून धातूला लागले तर ठीक, नाहीतर सेन्सरचं शरीर गिअरबॉक्सपासून अर्धवट सुटं पडतं. तेव्हा काटा लोडबरोबर हलत नाही, खड्ड्याबरोबर हलतो, आणि नेहमी 'गार'च्या बाजूला पडतो. इंजिन बंद ठेवून सेन्सरच्या षटकोनापासून बॅटरी मायनसपर्यंत ओहम मोजा. एक ओहमपेक्षा जास्त आलं तर टेप काढून आट्यांना लावायचं लिक्विड सीलंट वापरा.

गळतीचं मूळ: तीन आटे, एकच चेहरा

आता तेलाचा थेंब. बाहेरचे बरेच गेज अमेरिकी पद्धतीच्या १/८ इंची एनपीटी आट्याच्या सेन्सरसह येतात. इंदूरच्या सियागंज बाजारात फिटिंग मागायला जा, 'एक सूत का चाहिए' (सूत म्हणजे १/८ इंच) म्हटलं की दुकानदार ब्रिटिश पद्धतीचं बीएसपी काढून देतो, कारण आपल्याकडे पाइपाचं सगळं काम बीएसपीवर चालतं. आणि जपानी-कोरियन गाडीच्या चेंबरजवळ कुठे आधीच भोक असेल तर ते बहुधा मेट्रिक, एम-१० बाय १. तिन्ही शेजारी ठेवा, डोळ्यानं फरक सांगून दाखवा म्हणावं. एनपीटीचा बाहेरचा व्यास साधारण १०.३ मिलिमीटर आणि इंचात २७ आटे. बीएसपीचा ९.७ मिलिमीटर आणि इंचात २८. मेट्रिकचा पूर्ण १० आणि आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर, म्हणजे इंचात पंचवीसच्या वर. एनपीटीच्या आट्याचा कोन ६० अंश, बीएसपीचा ५५.

चुकीची जोडी असली तरी तीन-चार फेरे मजेत जाते. मग अडकते, आणि मिस्त्रीला वाटतं घट्ट बसली. आट्यांच्या मध्ये एक बारीक नागमोडी वाट उरते. तेल गार असताना त्यातून काही येत नाही. नव्वद अंशांना तेच तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि तो थेंब पार्किंगच्या फरशीवर सापडतो. टेपचा आणखी एक थर दिला की काही दिवस थांबतं, मग परत. आवळत आवळत गेलं की अॅल्युमिनियमच्या चेंबरला चीर जाते, कारण निमुळता आटा पाचरीसारखा आत घुसत असतो. तो खर्च गेजच्या कितीतरी पट.

उपाय दुकानात नाही, खरादवाल्याकडे आहे. त्याच्याकडे पिच गेज असते, मिनिटभरात सांगतो कोणता आटा. सेन्सर आधी आणा, मग त्याच्या मापानं नटात आटे पाडून घ्या, उलट नको. निवड तुमच्या हातात असेल तर सरळ आट्याचा मेट्रिक सेन्सर आणि तांब्याचा वायसर घ्या. सील वायसर करतो, आट्यांवर जबाबदारी राहत नाही, टेप लागत नाही, आणि अर्थही पक्कं मिळतं. वायसर एकदा दबला की दबला, पुढच्या वेळी नवा टाका. दहा-पाच रुपयांच्या वस्तूसाठी तेल सांडू नका.

वायरिंगबद्दल फार बोलत नाही. इग्निशनवर येणाऱ्या फ्यूजवरून वेगळा लहान फ्यूज टाकून घ्या, एअरबॅग किंवा इंजिन कॉम्प्युटरच्या फ्यूजला हात लावू नका, सायलेन्सरपासून वायर लांब ठेवा, गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

सेन्सर खरा की खोटा, घरच्या घरी

इतकं करूनही शंका असेल तर सेन्सर काढून पातेल्यात घाला (घरातल्यांना विचारून, आणि नंतर ते पातेलं स्वयंपाकात परत नको). बर्फाच्या पाण्यात आधी, मग उकळत्या पाण्यात, दोन्हीकडे ओहम मोजा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ला न उकळता ९८ च्या आसपास उकळतं. तक्त्याशी ताडताना हे धरा. वर सांगितलेल्या जातीचा सेन्सर बर्फात सुमारे ९४०० ओहम आणि उकळत्या पाण्यात १९० च्या आसपास दाखवायला हवा. तुमच्या सेन्सरचा तक्ता वेगळा असेल, तो गेजच्या कागदावर असतो. सेन्सर एका कंपनीचा आणि गेज दुसऱ्या कंपनीचा असेल तर हा कागद वाचणं अनिवार्य. इंदूरच्या छोटी ग्वालटोळीतल्या दुकानात 'चलेगा साब, सब एक ही आता है' म्हणून दिलेला सेन्सर प्लगमध्ये बसतोही, पण त्याचा तक्ता वेगळा असला तर काटा आयुष्यभर ५० दाखवेल किंवा १४०.

आणि काटा खरंच बोलत असेल तर

चेंबरमध्ये ८० ते ९५ हे रोजचं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल इंजिनाच्या कूलंटच्या पाण्यातूनच गार होतं, म्हणून ते कूलंटच्या खाली फारसं जाऊच शकत नाही. ९० बघून घाबरायचं कारण नाही. घाटात ११० पर्यंत थोडा वेळ चालतं. १२० दिसलं की थांबायची जागा शोधायला लागा. १३० च्या पुढे तेल करपू लागतं, व्हॉल्व्हवर चिकट थर बसतो, रबरी सील कडक होतात. ढोबळ हिशेब असा सांगतात की दर दहा-अकरा अंशांच्या वाढीला तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

घाटात काटा चढू लागला तर डी सोडून मॅन्युअलमध्ये खालचा गिअर धरा. इंजिनाचे फेरे वाढतात, पंप जास्त तेल फिरवतो, आणि कन्व्हर्टरची घसर कमी होते. थांबलात तर गाडी पी मध्ये, इंजिन चालू. लगेच बंद केलं तर पंप थांबतो आणि तापलेलं तेल कन्व्हर्टरमध्येच अडकतं. एसी बंद करून पाच-दहा मिनिटं उभे राहा, काटा उतरताना दिसेल.

दर वेळी तापतच असेल तर तपासणी या क्रमानं. सर्वात आधी रेडिएटरसमोरच्या जाळ्या. मार्च-एप्रिलमध्ये देवास किंवा उज्जैन रस्त्यानं गेलात तर गव्हाच्या मळणीचा भुसा हवेत असतो, आणि तो रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधल्या फटीत साचतो. समोरून बघितलं तर रेडिएटर स्वच्छ, आणि मध्ये गादी. पाण्याचा हलका फवारा मागून पुढे मारून धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पाती वाकतात. मग पंखा: एसी लावल्यावर दोन्ही वेगांत फिरतोय का. मग तेलाची पातळी. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळी ठरावीक तापमानालाच तपासायची असते, अनेक गाड्यांत ती ४० अंशांच्या आसपास असते. तेल गरम असताना फुगतं. गरम तेलावर पातळी बघून भरलं तर कमी भरलं जातं, आणि कमी तेल अजून तापतं. (इथे तुमचा नवा गेज खरोखर उपयोगी पडतो.) तेलाचा प्रकार कंपनीनं सांगितलेलाच हवा: टोयोटाच्या बऱ्याच टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकना डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या सहा गिअरच्या बऱ्याच ऑटोमॅटिकना एसपी-४, होंडाच्या बऱ्याच सीव्हीटीना एचसीएफ-२. 'कोई भी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) डाल दो' म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. तेल गुलाबी-दुधट दिसलं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी तेलात आलंय. त्या दिवसापासून गाडी चालवायची नाही, उचलून न्यायची.

एवढं सगळं बरोबर असूनही घाटात १२० ओलांडत असेल, तरच वेगळा कूलर. तो रेडिएटरमधल्या कूलरच्या पुढे, म्हणजे तेल आधी रेडिएटरमधून आणि मग नव्या कूलरमधून, असा जोडा. पाइप एटीएफसाठीचाच, साधा पाण्याचा किंवा पेट्रोलचा नाही. तो आतून फुगतो आणि क्लिपपाशी सुटतो. इंदुरात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा आत थर्मोस्टॅट असलेला कूलर घ्या, नाहीतर तेल वेळेत गरम होणार नाही आणि कन्व्हर्टर लॉक व्हायला उशीर लागेल. कूलर आणि पाइप मिळून स्वतःच थोडं तेल पोटात घेतात, म्हणून बसवल्यावर गाडी फिरवून आणा, तेल परत ठरलेल्या तापमानाला येऊ द्या आणि पातळी पुन्हा भरून घ्या.